शालेय क्रीडास्पर्धांचे नियमन : प्रवेशिकेपासून प्रमाणपत्रापर्यंत

पावसाचा जोर ओसरू लागला की राज्यात तालुक्याच्या गावोगावी शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम सुरू होतो. मैदानावर फक्की टाकून रेषा आखल्या जातात, खो-खोचे खांब रोवले जातात आणि आसपासच्या शाळांतील मुले एस. टी. ने, टेंपोने किंवा पायी येऊन दाखल होतात. मैदानाच्या एका कडेला एक टेबल मांडलेले असते. तेथे प्रवेशिका, ओळखपत्रे आणि जन्मतारखेचे दाखले तपासले जातात. जमलेल्या प्रेक्षकांचे लक्ष या टेबलाकडे क्वचितच जाते. परंतु राज्याच्या शालेय क्रीडाव्यवस्थेची पहिली कसोटी तेथेच लागते. त्या टेबलापाशी जी नोंद खरी म्हणून स्वीकारली जाते, तीच पुढे जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्र या पातळ्यांवर खरी म्हणून चालत राहते. ती चुकीची असेल, तर वरच्या कोणत्याही कचेरीला ती दुरुस्त करणे अवघड जाते. शालेय खेळांचे नियमन ही मुंबई-पुण्याच्या कार्यालयांतून चालणारी बाब आहे असा समज असतो. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग मुख्याध्यापकाच्या स्वाक्षरीत आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात सामावलेला आहे.

राज्याचा विषय

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ३३ व्या नोंदीमध्ये नाट्यप्रयोग, करमणूक यांच्याबरोबर क्रीडा हा विषय घातलेला आहे. शिक्षण हा विषयही पूर्वी राज्यसूचीतच होता. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला, क्रीडा मात्र राज्याकडेच राहिली. त्यामुळे शाळेतील खेळ हा दोन सूचींच्या सीमेवर उभा असलेला विषय ठरतो. मूल शाळेत बसलेले असते तेव्हा त्याच्यासंबंधी केंद्र आणि राज्य या दोघांचेही कायदे लागू असतात. तेच मूल मैदानावर उतरले की त्याच्या खेळाची जबाबदारी प्रामुख्याने राज्याची होते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने या सीमेवर एक पूल बांधला आहे, असे म्हणता येईल. त्या कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण आणि खेळाचे साहित्य असावे असे नमूद आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा अधिक मुले असतील, तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशीही तरतूद आहे. शंभराच्या आत पटसंख्या असलेल्या शाळांचे काय, हा प्रश्न यातूनच उभा राहतो. ग्रामीण भागातील बहुसंख्य लहान शाळांत खेळाचा तास वर्गशिक्षकच घेतात आणि स्पर्धेला संघ घेऊन जाणारेही तेच असतात. नियमपुस्तिकेची अपेक्षा अशी की, संघाबरोबर येणाऱ्या शिक्षकाला पात्रतेचे सर्व नियम ठाऊक असावेत. त्या शिक्षकाकडे गणित आणि परिसर अभ्यासही असतो, हे लक्षात घेऊनच या अपेक्षेचा विचार केला पाहिजे.

पूर्वपीठिका

शालेय खेळांना नियमांची चौकट देण्याचे काम महाराष्ट्रात प्रथम शासनाने केलेले नाही, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. मुंबईतील शाळांच्या क्रीडासंघटनेची स्थापना १८९३ साली झाली आणि तिच्या हॅरिस ढालीच्या स्पर्धेने पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ शालेय क्रिकेटची परंपरा चालविली. १९८८ साली आझाद मैदानावर सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी केलेली ६६४ धावांची अखंड भागीदारी याच स्पर्धेतील होय. देशी खेळांच्या बाबतीतही असेच घडले. खो-खोची नियमावली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली तयार केली. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळही त्याच सुमाराचे. या सर्व संस्था लोकांनी उभारलेल्या होत्या. त्यांचे नियम त्यांच्या सभासदांपुरते असत आणि ते मोडणाऱ्याला संस्थेबाहेर घालविणे यापलीकडे शिक्षा नसे.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली भारतीय शालेय खेळ महासंघ स्थापन झाला आणि आंतरराज्य शालेय स्पर्धांना एक केंद्र मिळाले. राज्याचा संघ पाठवायचा तर तो निवडण्यासाठी राज्यभर एकच पद्धत हवी, हे त्याबरोबरच आले. महाराष्ट्रात हे काम पुणे येथील क्रीडा व युवक सेवा संचालनालयाकडे आहे. जिल्हा पातळीवर जिल्हाधिकारी ज्या परिषदेचे अध्यक्ष असतात ती जिल्हा क्रीडा परिषद आणि जिल्हा क्रीडा अधिकारी यांच्यामार्फत स्पर्धा भरविल्या जातात.

पाच पायऱ्या

तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्र अशा या पाच पायऱ्या आहेत. महसुली कामासाठी राज्याचे सहा विभाग असले, तरी क्रीडा खात्याचे आठ आहेत, कारण कोल्हापूर आणि लातूर हे स्वतंत्र विभाग धरले जातात. महानगरपालिकांच्या क्षेत्रांतील स्पर्धा स्वतंत्रपणे होतात आणि तेथील विजेते विभागीय फेरीत ग्रामीण जिल्ह्यांतील विजेत्यांना भेटतात. सांघिक खेळांत विजेत्या शाळेचा संघ पुढील पायरीवर जातो. राष्ट्रीय स्पर्धेसाठी मात्र निवड चाचणीतून राज्याचा संघ तयार केला जातो. वयाचे गट तीन : १४, १७ आणि १९ वर्षांखालील. तिसऱ्या गटामुळे कनिष्ठ महाविद्यालयांतील मुलेही या व्यवस्थेत येतात.

याखेरीज आणखी काही वाटा आहेत. जिल्हा परिषदांच्या प्राथमिक शाळांच्या स्पर्धा केंद्र, बीट, तालुका या क्रमाने होतात. आश्रमशाळांच्या स्पर्धा आदिवासी विकास विभाग प्रकल्पवार भरवितो. शिवाय प्रत्येक खेळाची संघटना आपल्या कुमार गटाच्या अजिंक्यपद स्पर्धा निराळ्या घेते. एखादी चांगली धावपटू मुलगी एकाच हंगामात तीन-तीन व्यवस्थांच्या ओळखपत्रांवर धावते. या व्यवस्थांच्या तारखा जुळत नाहीत, कधी कधी वयोगटही जुळत नाहीत. तिच्या शिक्षकांनी कोणत्या स्पर्धेला प्राधान्य द्यावे, याचे उत्तर कोणत्याही एका परिपत्रकात नसते.

एकाच पायरीवर सर्व शाळांना सारखे मानण्याचे तत्त्व न्याय्य वाटते, पण त्यालाही दुसरी बाजू आहे. दोन-तीन हजार मुलांच्या शाळेला बारा खेळाडू निवडणे सोपे जाते. ऐंशी मुलांच्या शाळेत अनेकदा बारा जण मिळतात तेच खेळाडू ठरतात. कबड्डी आणि खो-खो यांमध्ये लहान गावांच्या शाळा टिकून राहतात, याचे कारण या खेळांना मैदानापलीकडे फारसा खर्च नाही. साहित्य आणि मार्गदर्शक यांवर अवलंबून असलेल्या खेळांत हे अंतर फार वाढते. जानेवारी २०१६ मध्ये कल्याण येथील आंतरशालेय क्रिकेट सामन्यात एका फलंदाजाने नाबाद १००९ धावा काढल्या तेव्हा देशभर कौतुक झाले. त्याच सामन्याच्या गुणफलकावर एका शाळेच्या १४६५ धावा आणि दुसऱ्या शाळेचे ३१ व ५२ असे दोन डाव होते, याकडे फार थोड्यांनी पाहिले. हा सामना शासनाच्या साखळीतला नव्हता. तरीही ज्यांना भाग्यपत्रिका तयार कराव्या लागतात त्यांनी हा गुणफलक संपूर्ण वाचावा, अशा योग्यतेचा आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात १९५४ साली १६१ विद्यार्थ्यांच्या मिलान गावच्या शाळेने मोठ्या शहरांतील शाळांना हरवून बास्केटबॉलचे राज्य अजिंक्यपद मिळविले. ती कथा तेथे आजही सांगितली जाते. त्याच राज्याने १९९७-९८ पासून पटसंख्येनुसार शाळांचे वेगळे वर्ग केले, कारण असा विजय पुन्हा पुन्हा घडत नाही. महाराष्ट्रात असे वर्ग नाहीत.

जन्मतारखेचा प्रश्न

शालेय स्पर्धांतील हरकतींपैकी सर्वाधिक वादाची हरकत वयाची असते. वय मोजण्याची तारीख ३१ डिसेंबर आहे. म्हणजे १४ वर्षांखालील गटात ज्या मुलाला त्या दिवशी चौदा वर्षे पूर्ण झालेली नाहीत, तोच पात्र ठरतो. एक दिवसाचा फरक पडला तरी मूल गटाबाहेर जाते. इतकी काटेकोर मर्यादा असताना ज्या नोंदीवर ती आधारलेली आहे, ती नोंद किती काटेकोर असते, हे पाहणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्रात एका पिढीपूर्वीपर्यंत १ जून ही तारीख किती लोकांची जन्मतारीख होती, हे कोणत्याही कचेरीतील सेवापुस्तके चाळली तरी दिसून येते. शाळा जूनमध्ये सुरू होत. प्रवेशाच्या वेळी पालकांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी मुलाच्या चणीवरून वर्ष ठरवीत आणि १ जून लिहून मोकळे होत. त्यात कोणाचे वय वाढले, कोणाचे घटले. कोणताही लबाडीचा हेतू त्यामागे नव्हता. जन्मनोंदणी वाढल्यामुळे ही प्रथा आता मागे पडली आहे, तरी तिचे अवशेष शिल्लक आहेत. उशिरा शाळेत आलेल्या, स्थलांतरित किंवा पाड्यावरच्या मुलांच्या बाबतीत जनरल रजिस्टरमधील तारीख आणि जन्मनोंदीतील तारीख यांत फरक आढळतो. अशा वेळी मूल आणि त्याची शाळा या दोघांवरही संशय घेतला जातो.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे. जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते. एक वर्ष उलटून गेल्यावर नोंद करावयाची असेल, तर २०२३ च्या दुरुस्तीनुसार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशासह अनेक कामांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा मानला जाणार आहे. ही मुले १४ वर्षांखालील गटात खेळू लागतील तेव्हा वयाच्या पुष्कळशा हरकती आपोआप मिटतील अशी अपेक्षा करता येते. तोवर मिश्र कागदपत्रांवरच काम भागवावे लागेल. आधारपत्र दाखवून काम होईल, असे अनेक पालकांना वाटते. ते ओळखीचे पत्र आहे. जन्मतारखेचा पुरावा म्हणून त्यावर विसंबता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले आहे.

येथे पंचायत सदस्यांच्या उपयोगाची एक बाब सांगितली पाहिजे. जन्माची नोंद जन्म जेथे झाला त्या ठिकाणी होते, पालक जेथे राहतात तेथे नव्हे. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी जाते. त्यामुळे शाळेत शिकणाऱ्या कितीतरी मुलांची नोंद त्यांच्या आजोळच्या ग्रामपंचायतीत किंवा तालुक्याच्या रुग्णालयाच्या गावी असते. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात गावच्या ग्रामपंचायतीत शोधाशोध होते, नोंद सापडत नाही आणि मग कोणीतरी सुचविलेला सोपा मार्ग पत्करला जातो. दाखला मिळवायचा कोठून, हे पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी पालकाला सांगितले, तर सहा-सात वर्षांनंतरची ही धावपळ टळते.

जेथे लबाडी असते, तेथे ती कशी चालते? पद्धती फार गुंतागुंतीच्या नाहीत. वरच्या इयत्तेतील मुलाला खालच्या इयत्तेत दाखविणे, एकाच्या ओळखपत्रावर दुसऱ्याला खेळविणे, दुसऱ्या शाळेतील तरबेज खेळाडूचे नाव हंगामापुरते आपल्या पटावर आणणे, असे हे प्रकार आहेत. यात नुकसान कोणाचे होते, याचा हिशेब साधा आहे. कबड्डीच्या संघात बारा नावे असतात. त्यांत एक मुलगा वाढीव वयाचा घेतला, तर योग्य वयाचा एक मुलगा घरी राहतो. त्याचे नाव कोणत्याही हरकत अर्जात येत नाही, कारण आपल्यावर अन्याय झाला हे त्याला कळतही नाही.

केंद्र शासनाच्या युवा कार्य व क्रीडा मंत्रालयाने २०१० साली वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता जारी केली. तीत शारीरिक, दंत आणि क्ष-किरण अशा तीन प्रकारच्या वैद्यकीय तपासण्यांची तरतूद होती. डाव्या मनगटाची हाडे कितपत जुळून आली आहेत हे पाहून वयाचा अंदाज बांधला जातो. जागतिक फुटबॉल महासंघ आपल्या १७ वर्षांखालील स्पर्धांसाठी २००९ पासून मनगटाची चुंबकीय प्रतिमा घेतो, कारण तीत किरणोत्सर्गाचा प्रश्न येत नाही. परंतु हाडांचे वय आणि पंचांगाचे वय या दोन भिन्न गोष्टी आहेत. निरोगी मुलांतही त्यांत एक वर्ष किंवा अधिक अंतर असू शकते. मूल कुपोषित असेल तर त्याची हाडे मागे राहतात. ज्याची वाढ लवकर झाली त्याची पुढे जातात. याचा अर्थ असा की, अर्धपोटी वाढलेला सोळा वर्षांचा मुलगा या तपासणीत उत्तीर्ण होईल आणि खात्यापित्या घरचा, खरोखर तेरा वर्षांचा मुलगा नापास होईल. तपासणीचे यंत्र संशय दूर करण्यास साह्य करते, परंतु ते जन्मनोंदीची जागा घेऊ शकत नाही.

वजनकाटा

कुस्ती, मुष्टियुद्ध, जूदो यांसारख्या खेळांत वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. तेथे वजनकाटा हेच नियमनाचे साधन होय. मल्ल खालच्या वजनगटात बसावा म्हणून आदल्या दिवशी त्याला उपाशी ठेवणे, पाणी तोडणे, अंगावर कपडे चढवून पळविणे हे प्रकार तालमींतून पूर्वापार चालत आले आहेत. मोठ्यांच्या बाबतीतही ते घातक आहेत. वाढीच्या वयातील मुलांच्या बाबतीत तर ते मुळीच क्षम्य मानता येणार नाहीत. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस वजन उतरविण्याच्या प्रयत्नात तीन महाविद्यालयीन मल्ल पाठोपाठ मरण पावले. त्यानंतर तेथील नियम बदलले आणि पुढे माध्यमिक शाळांच्या राष्ट्रीय महासंघानेही हंगामापूर्वी शरीरातील पाण्याचे आणि मेदाचे प्रमाण तपासून प्रत्येक मल्लाचे किमान वजन ठरविण्याची पद्धत घालून दिली. मुलांसाठी किमान ७ टक्के आणि मुलींसाठी १२ टक्के मेद अशी ती मर्यादा आहे. आपल्या तालुका पातळीवर अशी तपासणी लगेच शक्य नाही, हे उघड आहे. मात्र मुलाचे वजन वर्षारंभी शाळेत घेऊन नोंदवून ठेवणे, आणि स्पर्धेच्या काट्यावर ते अचानक दोन-तीन किलोंनी कमी भरले तर चौकशी करणे, यासाठी नव्या यंत्राची गरज नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राचे पथक शाळेत येते तेव्हा वजने घेतली जातातच. ती नोंद क्रीडाशिक्षकाच्या हाती पडत नाही, एवढीच अडचण आहे.

प्रमाणपत्राचे वजन

एके काळी शालेय स्पर्धेचे प्रमाणपत्र घरातील भिंतीवर चौकटीत लावण्यापुरते असे. आता ते परीक्षेच्या आणि नोकरीच्या कामी येते. दहावी आणि बारावीच्या परीक्षेत स्पर्धेचा स्तर आणि मिळविलेले स्थान यांनुसार कमाल २५ पर्यंत सवलतीचे क्रीडागुण दिले जातात. ३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयाने शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आले आणि १ जुलै २०१६ रोजी त्याचे निकष सुधारण्यात आले. खेळाडूच्या कष्टांना समाजात मोल यावे, हा यामागील हेतू रास्त आहे. परंतु कागदाला जितके मोल येते, तितका तो बनावट निघण्याचा संभव वाढतो. खेळाडूंच्या राखीव जागांसाठी बनावट प्रमाणपत्रे सादर केल्याची प्रकरणे राज्यात उघडकीस आली, गुन्हे दाखल झाले आणि प्रमाणपत्रांच्या पडताळणीला अधिक महत्त्व आले. पडताळणी करणारा अधिकारी शेवटी काय पाहतो? त्या वर्षीची भाग्यपत्रिका, पंचांनी स्वाक्षरी केलेली गुणपत्रके, संघांच्या प्रवेशिका आणि निकालपत्र. दहा वर्षांपूर्वी पावसात भिजलेल्या मैदानावर कोणी तरी घाईघाईने भरलेला गुणतक्ता एका उमेदवाराच्या नोकरीचा पुरावा ठरतो, किंवा तो सापडत नाही म्हणून खरा खेळाडू अडचणीत येतो.

बनावट कागदापेक्षा अवघड प्रश्न पोकळ कागदाचा आहे. फार थोड्या शाळांत खेळल्या जाणाऱ्या खेळात तालुक्यातून एकच प्रवेशिका आली, तर त्या संघाला पुढे चाल मिळते. जिल्ह्यातही दोन-तीनच संघ असतील, तर एखादा सामना जिंकून, क्वचित एकही न खेळता, विभागापर्यंत जाता येते. कागद खरा असतो, शिक्का खरा असतो, फक्त खेळ झालेला नसतो. गुणांसाठी असा खेळ शोधून देणारेही निघतात. खेळांची यादी वाढविताना प्रत्येक खेळ प्रत्यक्ष किती शाळांतून खेळला जातो, याची तालुकावार मोजणी व्हावयास हवी.

या बाबतीत अमेरिकेतील टेक्सास राज्याशी तुलना उद्बोधक ठरेल. तेथे १९८४ साली झालेल्या कायद्याने असे ठरविले की, एखाद्या विषयात ७० पेक्षा कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्याने सहा आठवडे शाळेच्या संघातून खेळू नये. ही मुदत पुढे कमी करण्यात आली, पण तत्त्व कायम राहिले. तेथे अभ्यास हा खेळण्याचा परवाना आहे. आपल्याकडे खेळ हा गुण मिळविण्याचा मार्ग आहे. दोन्हींत धोके आहेत. टेक्सासच्या पद्धतीत जो मुलगा केवळ खेळासाठी शाळेत टिकला असेल, तो शाळेपासून तुटण्याची भीती असते. आपल्या पद्धतीत ज्याला खेळात रस नाही तोही दहावीच्या वर्षी मैदानावर दिसू लागतो. अमेरिकेत राज्य पातळीवरील नियमन बहुधा शाळांनीच स्थापन केलेल्या संघटनांकडे असते. त्या खासगी आहेत की शासनाचे अंग, हा वाद टेनेसी राज्यातील संघटनेच्या निमित्ताने तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या संघटनेच्या सदस्यांपैकी सुमारे ८४ टक्के सार्वजनिक शाळा असल्याने तिची कृती ही शासनाचीच कृती मानली पाहिजे, असा निर्णय २००१ साली झाला. महाराष्ट्रात हा प्रश्न पडत नाही. अपात्र ठरविण्याचा आदेश येथे शासकीय अधिकाऱ्याच्याच स्वाक्षरीने निघतो आणि म्हणून त्याला कारणे देणे व संबंधित शाळेचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक आहे. सामना सुरू होण्यास दहा मिनिटे उरली असताना हे पथ्य पाळणे कठीण असते, हे खरे. म्हणूनच कागदपत्रांची तपासणी सामन्याच्या दिवशी न करता आधी करण्यावर अनुभवी क्रीडा अधिकाऱ्यांचा भर असतो.

मुलांची ने-आण

पात्रतेच्या नियमांइतकी चर्चा सुरक्षिततेच्या नियमांची होत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे पॅसिफिक शालेय क्रीडास्पर्धांसाठी गेलेल्या भारतीय चमूतील पंधरा वर्षांची एक फुटबॉलपटू मुलगी समुद्रकिनाऱ्यावर बुडून मरण पावली. स्पर्धा आटोपल्यावरच्या मोकळ्या वेळात ही घटना घडली. मैदानावर पंच असतात, वैद्यकीय पेटी असते. जेवणाच्या, मुक्कामाच्या आणि परतीच्या प्रवासाच्या वेळी मुलांवर लक्ष ठेवणारे एक-दोन शिक्षकच असतात. मुलींच्या संघाबरोबर स्त्री-व्यवस्थापक असणे, पालकांचे लेखी संमतिपत्र घेणे, मुक्कामाच्या जागी स्वतंत्र स्वच्छतागृह आहे की नाही हे आधी पाहणे या गोष्टी लहान वाटतात. ज्या शाळेत एकही शिक्षिका नाही, त्या शाळेच्या मुली विभागीय फेरीपर्यंत पोहोचल्या तर काय करायचे? शेजारच्या शाळेतील शिक्षिकेला कर्तव्यार्थ पाठविण्याची तजवीज गटशिक्षणाधिकारी करू शकतात. अशी तजवीज वेळेवर झाली नाही, तर पालक मुलीला पाठवीत नाहीत आणि निकालपत्रात फक्त ‘संघ अनुपस्थित’ एवढीच नोंद होते.

हंगाम आणि स्थलांतर

स्पर्धांचे वेळापत्रक ठरविताना परीक्षा, पाऊस आणि दिवाळीची सुट्टी यांचा विचार होतो. आणखी एक हंगाम विचारात घेण्यासारखा आहे. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. तालुका फेरी पावसाळ्याच्या उत्तरार्धात होते, तेव्हा ही मुले गावात असतात आणि खेळतात. जिल्हा आणि विभागाच्या फेऱ्या लागतात तोवर त्यांतील काही आईवडिलांबरोबर फडावर गेलेली असतात. त्यांची नावे मूळ शाळेच्या पटावर असतात. कारखान्याच्या गावी ती एखाद्या शाळेत बसली, तरी त्या शाळेकडून त्यांना त्या वर्षी खेळता येणे कठीण असते, कारण एकाच हंगामात दोन शाळांकडून खेळण्यास वाव नाही. दुसऱ्या शाळेतील तरबेज खेळाडू पळविण्यास आळा घालण्यासाठी हा नियम आहे आणि त्या कामासाठी तो योग्यच आहे. स्थलांतरित मुलाच्या बाबतीत तोच नियम दार बंद करतो. गावी हंगामी वसतिगृह चालू असेल तर मूल आजीजवळ किंवा वसतिगृहात राहते आणि संघही पूर्ण राहतो. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीमार्फत जातो. तो दसऱ्यापूर्वी मंजूर होऊन प्रत्यक्ष जेवण सुरू झाले, तर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातील सामन्याला ती मुले मैदानावर हजर असतात.